जुन्याच्या जागी नवं

एक वाक्य घ्या. ‘काका-काकू आले आणि काकांनी पिंजऱ्यातला काकाकुवा पाहिला.’ गोष्ट लिहून झाल्यावर लेखकाला वाटलं की हा माणूस वडिलांकडचा नको, आईकडचा हवा. त्यानं संगणकाला हुकूम सोडला: जिथं ‘काका’ दिसेल तिथं ‘मामा’ घाल. संगणक आज्ञाधारक असतो. उत्तर आलं, ‘मामा-काकू आले आणि मामांनी पिंजऱ्यातला मामाकुवा पाहिला.’

एकाच हुकमात तीन गोष्टी झाल्या. ‘काकांनी’चं ‘मामांनी’ झालं, ते हवंच होतं. ‘काकाकुवा’चा ‘मामाकुवा’ झाला, तो नको होता. आणि ‘काकू’ची ‘मामी’ व्हायला हवी होती, ती काकूच राहिली. मामाकुवा वाचून माणूस हसतो आणि दुरुस्त करतो. पण असा बदल वाचायला कुणी बसलेलंच नसेल तर?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत शेतीपंपाच्या मोटारीवर बसणारा कंट्रोलर आम्ही बनवतो. विहिरीतलं पाणी खाली गेलं की मोटार आपोआप बंद करायची, हे त्याचं मुख्य काम. मोटार कोरडी चालली तर जळते. गेल्या वर्षी त्यात एक दोष सापडला. लाइट जाऊन परत आली की पाण्याचा सेन्सर वाचणारा भाग काही मिनिटं जुनाच आकडा सांगत राहायचा. आमच्या टीममधल्या सगळ्यांत ज्युनिअर सहकारी मुलीनं तो शोधला, दुरुस्त केला, टेबलावरच्या यंत्रावर दहा वेळा लाइट घालवून तपासला. नवं सॉफ्टवेअर चाचणीच्या शेतांवर गेलं. आठवड्याभरात तिथली एक मोटार कोरडी चालून जळाली. दोष तसाच होता.

मीटिंगमध्ये तिला सगळ्यांसमोर सांगण्यात आलं की कोड देण्याआधी तपासत जा. ती म्हणाली, ‘मी तपासलंय, सर. माझ्याकडे चालतंय.’ आमच्या धंद्यात ‘माझ्याकडे चालतंय’ हे वाक्य विनोद म्हणूनच ऐकलं जातं. दोघं-तिघं हसले. मीही हसलो असेन. दोन दिवसांत तिला मॅन्युअल लिहिण्याच्या कामावर बसवलं.

तिचा कोड बरोबर होता. चूक माझ्या एका ओळीत होती, आणि ती ओळ ‘जुन्याच्या जागी नवं घाल’ एवढंच म्हणत होती. ती का चुकली हे समजून घ्यायला मला बरंच मागं जावं लागलं.

एका ओळीतली पहिली जागा

१९६०च्या दशकात संगणकावर मजकूर दुरुस्त करणं म्हणजे कागदावर छापणाऱ्या टंकयंत्रासमोर बसणं. टेलिटाइपचं मॉडेल ३३ सेकंदाला दहा अक्षरं छापायचं. पडदा नाही, कर्सर नाही. ओळीत एक अक्षर चुकलं तर पूर्ण ओळ पुन्हा टाइप करणं शिक्षाच वाटावी इतकं ते संथ होतं. म्हणून संपादन करणाऱ्या प्रोग्रॅमला थोडक्यात सांगता यायला हवं: या ओळीत अमुकच्या जागी तमुक.

बर्कलीत बटलर लॅम्पसन आणि पीटर डॉइच यांनी ‘क्यूईडी’ नावाचा संपादक लिहिला होता. बर्कलीतच शिकलेला केन थॉम्प्सन १९६६मध्ये बेल लॅब्जमध्ये आला आणि त्यानं आयबीएम ७०९४ या यंत्रासाठी क्यूईडी नव्यानं लिहिला. त्यात त्यानं एक भर घातली. शोधायचा शब्द अक्षरशः न देता त्याचा नमुना देता येऊ लागला: ‘ओळीच्या सुरुवातीला अमुक’, ‘शेवटी तमुक’, ‘यांपैकी कोणतंही अक्षर कितीही वेळा’. हे नमुने वेगानं कसे शोधायचे याबद्दलचा त्याचा लेख १९६८मध्ये प्रसिद्ध झाला. १९६९मध्ये युनिक्स आकार घेत असताना त्यानं क्यूईडी छाटून ‘ईडी’ हा संपादक बनवला. ईडी इतका मितभाषी होता की चूक झाली तर नुसतं प्रश्नचिन्ह छापायचा.

ईडीमध्ये बदल करायचा हुकूम होता ‘एस’. ‘सब्स्टिट्यूट’मधला एस. आधी एस, मग तिरकी रेघ, जुना शब्द, तिरकी रेघ, नवा शब्द, तिरकी रेघ. मूळ हुकूम रोमन लिपीत असतो, मी इथं देवनागरीत लिहितो: एस/काका/मामा/. टोपीचं चिन्ह ^ म्हणजे ओळीची सुरुवात, डॉलरचं चिन्ह $ म्हणजे ओळीचा शेवट. नव्या शब्दाच्या जागी & लिहिलं तर ‘जे सापडलं तेच’.

आणि एक गोष्ट त्या वेळी ठरून गेली. एस हा हुकूम ओळीत सापडलेली फक्त पहिली जागा बदलतो. सगळ्या बदलायच्या असतील तर शेवटी ‘जी’ लिहायचा. टेलिटाइपसमोर बसलेल्या माणसाच्या नजरेनं पाहिलं तर हे शहाणपणाचं वाटतं. तो ओळीतली एक चूक सुधारत असतो, आणि मागितल्यापेक्षा जास्त बदल झाले तर ते त्याला दिसणारही नाहीत. पण यात एक गोष्ट गृहीत आहे: कामाचं एकक ‘ओळ’ आहे.

ईडीच्या पोटातून पुढची अवजारं निघाली. बेल लॅब्जमध्ये ली मॅकमेहन ‘फेडरलिस्ट पेपर्स’चा अभ्यास करत होता. १७८७-८८मध्ये अमेरिकी राज्यघटनेच्या बाजूनं लिहिलेले हे ८५ निबंध. लेखक हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे. त्यातले काही नक्की कुणाचे यावर वाद होता, आणि शब्दांच्या सवयींवरून तो सोडवता येईल का हे त्याला पाहायचं होतं. पण एवढा मजकूर ईडीच्या मेमरीत मावत नव्हता. म्हणून थॉम्प्सननं ईडीतला शोधण्याचा भाग वेगळा काढला, तो ‘ग्रेप’. मॅकमेहननं पुढं, १९७३-७४च्या सुमारास, बदलण्याचा भागही वेगळा काढला, तो ‘सेड’. सेड फाइलची एकेक ओळ घेतो, हुकूम लावतो, पुढं ढकलतो. माणूस समोर बसलेला असण्याची गरज संपली. हुकूम तोच राहिला, पण मामाकुवा पाहून हसणारा माणूस गेला.

स्टीव्ह जॉन्सनची सकाळ

प्रोग्रॅम म्हणजे एक फाइल नसते. शेकडो फाइली असतात. प्रत्येक फाइल कंपाइल होऊन तिची ‘ऑब्जेक्ट’ फाइल बनते आणि सगळ्या ऑब्जेक्ट फाइली जोडून शेवटचं सॉफ्टवेअर तयार होतं. एका फाइलीत बदल केला आणि तेवढीच कंपाइल करायला विसरलं, तर जोडणी जुन्या ऑब्जेक्टचीच होते. कुठंही तक्रार येत नाही.

१९७६मध्ये बेल लॅब्जमध्ये हेच झालं. स्टीव्ह जॉन्सन, ज्यानं ‘याक’ हे प्रसिद्ध अवजार लिहिलं, तो एका सकाळी नशिबाला शिव्या घालत स्टुअर्ट फेल्डमनच्या खोलीत शिरला. त्यानं पूर्ण सकाळ एका बरोबर प्रोग्रॅममध्ये चूक शोधण्यात घालवली होती. चूक आधीच सुधारलेली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइलच झाली नव्हती. फेल्डमननंही आदल्या संध्याकाळी याच प्रकारात वेळ घालवला होता. दोघं बोलले आणि त्या शनिवार-रविवारी फेल्डमननं ‘मेक’ची पहिली आवृत्ती लिहिली. कोणती फाइल कशापासून बनते हे एकदा लिहून ठेवायचं, बाकी मेक फाइलींच्या वेळा पाहून ठरवेल. ज्या फाइलीत हे लिहितात ती ‘मेकफाइल’. या कामासाठी फेल्डमनला २००३मध्ये एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

मेकफाइलमध्ये हुकमाची ओळ ‘टॅब’नंच सुरू करावी लागते, साधी जागा सोडलेली चालत नाही. या नियमानं जगभरच्या विद्यार्थ्यांना छळलं आहे, मलाही तिसऱ्या वर्षाच्या सबमिशनच्या आदल्या रात्री छळलं. फेल्डमननं नंतर सांगितलं की ‘लेक्स’ हे तेव्हाचं नवं अवजार शिकताना तो अडकला, म्हणून त्यानं सोपा मार्ग काढला: नवी ओळ आणि टॅब. काही आठवड्यांत मेकचे डझनभर वापरकर्ते झाले, बहुतेक मित्रच, आणि त्यांचं काम मोडायला नको म्हणून नियम तसाच ठेवला. डझनभर मित्रांच्या सोयीसाठी ठेवलेला नियम पुढच्या सगळ्यांच्या वाट्याला आला.

मला यात दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मेकमधलं व्हेरिएबल म्हणजे नुसता मजकूर. त्यात आकडे, याद्या असं काही नसतं. तीस फाइलींची यादी म्हणजे मध्ये जागा सोडून लिहिलेले तीस शब्द. त्यामुळे या यादीवर काही करायचं तर मजकूर बदलणं हेच हाताशी असलेलं साधन. ‘.सी’नं संपणाऱ्या फाइलींच्या यादीतून ‘.ओ’नं संपणारी यादी हवी असेल, तर प्रत्येक शब्दाची शेपूट बदलायची. सिस्टिम फाइव्ह युनिक्सच्या घराण्यात यासाठी छोटी खूण रुळली: व्हेरिएबलच्या नावानंतर अपूर्णविराम, मग .सी=.ओ. ती फक्त शब्दाच्या शेवटी लागते, मध्ये कधीच नाही. पुढं पॉझिक्स या मानकानंही ती स्वीकारली.

लोकांना मात्र शेपटीपेक्षा जास्त बदलायचं होतं. तिथून वाटा फुटल्या.

तोच एस, दुसरं एकक

रिचर्ड स्टॉलमन आणि रोलंड मॅकग्राथ यांच्या ग्नू मेकनं दोन वेगळी फंक्शन्स दिली. ‘सब्स्ट’ पूर्ण मजकुरात सापडेल तिथं बदलतं, शब्दबिब्द पाहत नाही. ‘पॅटसब्स्ट’ एकेक शब्द घेतं आणि तो संपूर्ण शब्द नमुन्यात बसला तरच बदलतं.

बर्कलीची वाट निराळी होती. तिथं बिल जॉयनं १९७०च्या दशकाच्या शेवटी ‘सी शेल’ लिहिला होता. आधी दिलेला हुकूम थोडा बदलून पुन्हा चालवायची सोय त्यात होती आणि त्यासाठी त्यानं ईडीचाच एस उचलला, आधी अपूर्णविराम लावून. बर्कलीत जॉन ऑस्टरहाउटच्या मार्गदर्शनाखाली ‘स्प्राइट’ ही ऑपरेटिंग सिस्टिम तयार होत होती. तिच्यासाठी अॅडम डी बूर यानं १९८०च्या दशकाच्या शेवटी एक नवा मेक लिहिला, ‘पीमेक’. अनेक यंत्रांवर एकाच वेळी कामं वाटून देणं ही त्याची ख्याती. व्हेरिएबलमधला मजकूर बदलायला त्यानं सी शेलच्या धर्तीची खूण घेतली. व्हेरिएबलचं नाव, अपूर्णविराम, एस, तिरकी रेघ, जुना शब्द, तिरकी रेघ, नवा शब्द, तिरकी रेघ. बीएसडी घराण्याचा आजचा मेक याच पीमेकचा वंशज आहे. नेटबीएसडीनं तो वाढवला आणि २०१४मध्ये फ्रीबीएसडी १०.०नंही आपला जुना मेक सोडून नेटबीएसडीचा घेतला.

खूण तीच, अक्षर तेच, टोपी आणि डॉलरही तेच. पण एकक बदललं. ईडी आणि सेडमध्ये एकक होतं ओळ. इथं एकक झालं शब्द, कारण मेकमधली यादी शब्दांची असते. टोपी म्हणजे आता ओळीची नाही, प्रत्येक शब्दाची सुरुवात. आणि शेवटी जी न लिहिता दिलेला एस आता प्रत्येक शब्दातली पहिली जागा बदलतो. पूर्ण यादीतली फक्त पहिली जागा हवी असेल तर शेवटी १ लिहायचा.

काकांवरच करून पाहू. व्हेरिएबलमध्ये हे सहा शब्द आहेत: काका, काकू, काकांनी, काकाकुवा, नाकाकानात, काका-काका. शेवटचा शब्द म्हणजे लहान मुलाची हाक. मध्ये जागा नाही म्हणून मेकच्या लेखी तो एकच शब्द.

एस/काका/मामा/ दिलं तर: मामा, काकू, मामांनी, मामाकुवा, नामामानात, मामा-काका.

शेवटी जी लावला तर फक्त हाकेत फरक पडतो: मामा-मामा.

जुन्या शब्दाआधी टोपी लावली तर नाकाकानात वाचतं, मामाकुवा मात्र राहतो. टोपी आणि डॉलर दोन्ही लावले तर काकाकुवा वाचतो, पण ‘काकांनी’ बदलायचं राहून जातं आणि हाकही तशीच राहते.

हाच सहा शब्दांचा मजकूर एका ओळीत लिहून सेडला दिला आणि जी लावला नाही, तर फक्त पहिला काका मामा होतो, बाकी सगळे जागच्या जागी. म्हणजे सेडमध्ये यादीभर बदल हवा असेल तर जी लागतोच. बीएसडी मेकमध्ये तो लागत नाही. लावला तर अर्थच वेगळा होतो.

शाळेत शंभर मार्कांचं संस्कृत घेतलेल्यांना इथं काहीतरी ओळखीचं वाटेल. पाणिनीच्या व्याकरणात एकाच्या जागी दुसरं येतं त्याला ‘आदेश’ म्हणतात आणि ज्याच्या जागी ते येतं तो ‘स्थानी’. नुसतं ‘याच्या जागी ते’ म्हणून भागत नाही, नेमकी जागा सांगावी लागते, हे तिथं पक्कं माहीत आहे. सर्वसाधारण नियम असा की आदेश शेवटच्या वर्णाच्या जागी येतो. आदेशात एकाहून जास्त वर्ण असतील किंवा त्याला ‘श’ची खूण असेल तर तो पूर्ण स्थानीच्या जागी येतो. काही न काढता नुसती भर घालायची असेल तर तो ‘आगम’: ‘ट’ची खूण असेल तर सुरुवातीला, ‘क’ची असेल तर शेवटी. मेकमध्ये नुसती टोपी देऊन प्रत्येक शब्दामागं काहीतरी चिकटवण्याची युक्ती सर्रास वापरतात, तो आगमच. आणि नव्या शब्दाच्या जागी काहीच दिलं नाही तर लोप. मेकमध्ये पूर्ण शब्द रिकामा झाला तर तो यादीतूनच नाहीसा होतो. यावरून थॉम्प्सननं अष्टाध्यायी वाचली होती असं कुणी म्हणू नये. प्रश्न तोच असला की उत्तरं शेजारी येऊन बसतात, एवढंच. फरक इतकाच की पाणिनीनं आपल्या खुणांचे अर्थ त्याच ग्रंथात बांधून ठेवले. आमच्या खुणा एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात गेल्या आणि अर्थ वाटेत बदलत गेले.

माझी ओळ

आता माझी ओळ सांगतो. आमच्याकडे ऑब्जेक्ट फाइलींची यादी एका व्हेरिएबलमध्ये होती. प्रत्येक शब्द म्हणजे फाइलीचा पूर्ण पत्ता आणि प्रत्येक पत्ता ‘डीबग’ या फोल्डरपासून सुरू व्हायचा. गिऱ्हाइकाला द्यायच्या सॉफ्टवेअरसाठी हाच पत्ता ‘रिलीज’पासून सुरू व्हायला हवा. मी लिहिलं: एस/डीबग/रिलीज/जी.

जी का लावला? कारण मी सेड शिकून आलो होतो. माझ्या डोक्यात यादी म्हणजे एक ओळ होती, आणि जी नसेल तर फक्त पहिली फाइल बदलेल, बाकीच्या राहतील, असं मला वाटलं. मॅन्युअल उघडायचं सुचलं नाही. एस ओळखीचा होता. ओळखीच्या माणसाला कोण ओळखपत्र मागतं?

पण एका फाइलीचा पत्ता होता: डीबग/पंप/डीबग/पोर्ट.ओ. आतलं डीबग हे खरोखरच एका विभागाचं नाव होतं, सेन्सरशी बोलणारा कोड तिथं राहायचा. माझ्या जी-नं त्याचंही रिलीज केलं: रिलीज/पंप/रिलीज/पोर्ट.ओ. तिथं अशी फाइल नव्हती. पहिल्यांदा चालवलं तेव्हा मेकनं प्रामाणिकपणे सांगितलं की फाइल सापडत नाही. संध्याकाळचे आठ वाजले होते, दुसऱ्या दिवशी डेमो होता. मी एक फोल्डर बनवलं, ती फाइल हातानं तिथं कॉपी केली, बिल्ड पूर्ण झालं, मी घरी गेलो. आणि विसरलो.

सहा महिन्यांनी आमच्या सहकारी मुलीनं पोर्टचा कोड सुधारला. तिच्या टेबलावर डीबगची आवृत्ती चालायची. तिथं माझी ओळ लागतच नव्हती, म्हणून तिच्याकडे खरोखरच चालत होतं. गिऱ्हाइकाच्या आवृत्तीत तिची नवी फाइल योग्य जागी कंपाइल झाली, पण जोडणीत गेली मी कॉपी केलेली जुनी फाइल. ती बनवायचा नियम मेकफाइलमध्ये नव्हता, आणि नियम नसलेली फाइल जागेवर असली की मेक ती आहे तशी घेतो. कुठंही तक्रार आली नाही.

म्हणजे स्टीव्ह जॉन्सनची सकाळ. मेक जन्माला आला तोच जुनी ऑब्जेक्ट फाइल गुपचूप जोडली जाऊ नये म्हणून, आणि मेकच्याच एका ओळीनं मी नेमकं ते घडवलं होतं. जॉन्सननं बरोबर प्रोग्रॅममध्ये चूक शोधली. आम्ही बरोबर माणसात शोधली.

चाचणी म्हणजे आठवण

या प्रकारचे अपघात जुनेच आहेत. २००२मध्ये याहूच्या ईमेल सेवेबद्दल एक बातमी गाजली होती. ईमेलमधून घातक कोड पळू नये म्हणून त्यांनी ‘ईव्हॅल’ या हुकमाचं स्पेलिंग दिसलं की तिथं ‘रिव्ह्यू’ घालायची सोय केली होती. पण मध्ययुगीन या अर्थाच्या इंग्रजी विशेषणाच्या स्पेलिंगची शेवटची चार अक्षरं तीच आहेत. परिणामी ‘मेडिरिव्ह्यू’ नावाचा एक नवाच शब्द इंटरनेटवर ठिकठिकाणी दिसू लागला. काकाकुव्याचा हा इंग्रजी भाऊ.

आणि खुणांचा प्रवासही संपलेला नाही. २०२२मध्ये आलेल्या बॅश ५.२ या शेलनं व्हेरिएबलमधला मजकूर बदलताना नव्या शब्दातल्या &चा अर्थ ‘जे सापडलं तेच’ असा करायला सुरुवात केली. अर्थ ईडीच्या काळातलाच. पण बॅशमध्ये तोवर & म्हणजे साधं & होतं, आणि तसं धरून लिहिलेल्या स्क्रिप्ट अडखळल्या.

मग यावर उपाय काय? मॅन्युअल सांगतं की लेखकाच्या मनात काय होतं. प्रोग्रॅम प्रत्यक्षात काय करतो हे चालवल्याशिवाय कळत नाही. नेटबीएसडीच्या मेकमध्ये २०२०पासून रोलंड इलिग यानं चाचण्यांचं मोठं काम केलं. प्रत्येक छोट्या सोयीसाठी वेगळी चाचणी फाइल. अशा फाइली आता शेकडो आहेत. त्यातली एक फक्त या एसची आहे. ती मी त्या आठवड्यात वाचली, कथा वाचावी तशी. एक छोटं वाक्य घेतलंय आणि त्याला एकेक करून सगळे प्रश्न विचारलेत. जी नसेल तर काय? जी असेल तर? १ असेल तर? टोपी असेल तर? जुना शब्द रिकामा असेल तर? एखादा शब्द पूर्णच पुसला गेला तर यादीत भोक राहतं की नाही?

गंमत म्हणजे ही चाचणी मेकफाइलच आहे. मेकच मेकला तपासतो. तराजूच खोटा असेल तर त्याच तराजूत वजन तपासून काय उपयोग, अशी शंका येते. म्हणून प्रत्येक चाचणीशेजारी अपेक्षित उत्तराची साधी मजकूर फाइल ठेवलेली असते आणि दोन्हींची तुलना बाहेरचं अवजार करतं. ग्नू मेकवाल्यांनी आपल्या चाचण्या पर्लमधून चालवल्या. मार्ग वेगळा, शंका तीच.

अशा चाचण्या ‘हे बरोबर आहे’ एवढंच म्हणत नाहीत. ‘हे असं आहे, आणि याच्या भरवशावर लोक बसले आहेत’ असं म्हणतात. फेल्डमनला आपल्या डझनभर मित्रांसाठी टॅब ठेवावा लागला तेव्हा ते मित्र त्याला नावानिशी माहीत होते. आज कोणती खूण कुणी कुठं वापरली आहे हे कुणालाच माहीत नाही. चाचणी ही त्या अनोळखी लोकांची केलेली आठवण असते.

मला माझी चूक सापडली ती चौथ्या दिवशी. ओळीतला जी काढला, एसनंतर टोपी लावली, हातानं बनवलेलं फोल्डर पुसलं. मग आमच्या बिल्डसाठी पहिली चाचणी लिहिली. त्यात खरे पत्ते आहेत, आणि शेवटी एका वेगळ्या व्हेरिएबलमध्ये काका, काकू, काकाकुवाही आहेत. मेक त्यांना नुसत्या बाइट्सची रांग म्हणून पाहतो, त्यामुळे मराठीतही सगळं वर लिहिल्याप्रमाणेच चालतं.

पुढच्या मीटिंगमध्ये मी उभं राहून सांगितलं की तिचा कोड पहिल्यापासून बरोबर होता आणि मोटार माझ्या ओळीमुळे जळाली. मॅनेजर म्हणाले, ‘ठीक आहे, सापडलं ना, पुढं चला.’ त्या दिवशी मागच्या मीटिंगपेक्षा कमी माणसं होती. जे हसले होते त्यातले दोघं रजेवर होते.

तिला मी वेगळं भेटून माफी मागितली. ती मॅन्युअलचं काम करत होती. तिनं चाचणीची फाइल उघडायला सांगितली, वरपासून खालपर्यंत वाचली, काकाकुव्याला हसली. मग म्हणाली, ‘फोल्डरच्या नावात जागा असेल तर? “नवा पंप” असं?’

मी गप्प झालो. जागा असेल तर मेक त्याचे दोन शब्द समजेल आणि टोपी दोन्हींना लागेल. ते मी तपासलंच नव्हतं.

ती खुर्ची ओढून बसली आणि तिनं सातवी ओळ लिहिली. पुढच्या सोमवारी ती पोर्टच्या कोडवर परत आली होती.